कच्चे लिंबू

साखर पेठेतल्या आमच्या एका मित्राच्या घरामागे पत्र्याच्या छपराचा एक लांबट कारखाना आहे. सोलापुरात यंत्रमाग जिथे चालतात त्या जागेला, मग तिथे चार माग असोत की चाळीस, कारखानाच म्हणतात. या कारखान्यात आठ माग होते. आज एकही नाही. फरशीतून वर आलेले बोल्ट, तेलाचे काळे डाग आणि भिंतीवरची मार्कंडेयाची तसबीर एवढे मागे उरले आहे. २०२४च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या निमित्ताने गावात जमलेल्या आम्ही पाच वर्गमित्रांनी या रिकाम्या जागेत टेबल टाकून 'हीरोक्वेस्ट' नावाचा एक खेळ आयुष्यात प्रथमच खेळला. पन्नाशीला टेकलेल्या माणसांनी प्लास्टिकचे बोटभर पुतळे पटावर सरकवत दुपार काढावी, यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. आम्हालाही त्या दिवशी सकाळपर्यंत तसेच वाटत होते.

(या लेखात 'आम्ही' म्हणजे कधी पाचही जण, कधी खेळातले चौघे, तर कधी नुसतेच प्रस्तुत लेखक. संदर्भाने उलगडा व्हावा.)

पाचांपैकी एक जण गेली वीसेक वर्षे अमेरिकेत असतो. त्याला परदेशी म्हणू. ज्याच्या घरी बसलो तो मागवाला. एक मास्तर, म्हणजे शाळेत मराठी शिकवणारा. एकाचे औषधांचे दुकान आहे. आणि पाचवे आम्ही. अक्षता सोहळा झाला होता, सातही नंदीध्वज डोळे भरून पाहून झाले होते, होम मैदानावरचे शोभेचे दारूकामही आटोपले होते. दुसऱ्या दिवशी परदेशीने बॅगेतून एक थोराड खोका काढला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी आणलाय. चारपाच माणसं लागतात, तिकडे जमत नाहीत."

हा खेळ मुळात १९८९ साली निघाला. मिल्टन ब्रॅडली या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने गेम्स वर्कशॉप या इंग्रज मंडळींच्या साहाय्याने तो काढला. रचना स्टीफन बेकर यांची. तेव्हा आम्ही आठवीत होतो आणि आमची मजल व्यापार, सापशिडी आणि कॅरम यांच्यापलीकडे गेलेली नव्हती. पुढे हा खेळ बाजारातून नाहीसा झाला आणि २०२१ साली नव्या पुतळ्यांसह पुन्हा आला. म्हणजे आमच्या बालपणी जो खेळायचा राहून गेला, तो आमच्यापर्यंत पोचायला पस्तीस वर्षे लागली.

पट उघडल्यावर दिसतो तो एका तळघराचा आराखडा: चौकोनी घरे, दालने, बोळ. सुरुवातीला सारे रिकामे. एक खेळाडू पुठ्ठ्याच्या पडद्याआड मोहिमांची वही घेऊन बसतो. कुठल्या दालनात काय दडले आहे ते त्याला एकट्यालाच ठाऊक. उरलेले चौघे चार वीर होतात आणि जिन्यापासून वाट काढू लागतात. दार उघडले की पडद्याआडचा माणूस त्या दालनातले टेबल, कपाट, थडगे आणि राक्षस पटावर मांडतो. चाल दोन लाल फाशांवर. लढाईचे फासे वेगळे: त्यांच्या सहा बाजूंपैकी तिहींवर कवटी, दोहोंवर पांढरी ढाल, एकीवर काळी ढाल. मारणारा कवट्या मोजतो, झेलणारा ढाली. वीरांना पांढऱ्या ढाली लागू, राक्षसांना काळी. नियम एवढे सोपे की पंधरा मिनिटांत आम्हाला ते कळले. त्यांतून काय काय निघते ते कळायला संध्याकाळ झाली.

पुतळे खोक्यातून बाहेर आले मात्र, औषधवाला म्हणाला, "मावळे!" आणि तेच नाव कायम झाले. त्याचे बरोबरच होते. आमच्या पिढीचा पटावरच्या पुतळ्यांशी पूर्वसंबंध आहे तो दिवाळीच्या किल्ल्यातूनच. याच घराच्या अंगणात आम्ही दगड, विटा, पोती आणि काळी माती यांचा किल्ला करत असू. त्यावर अळीव पेरायचे, कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर ठेवायचे, वर महाराज. पण किल्ल्यातले मावळे खेळत नाहीत. ते उभे असतात, आणि आपण त्यांच्याकडे पाहत असतो. लढाई जी काय ती डोक्यात. भाऊबीज उलटली की किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायचा. त्याआधी मावळे काढून पुढल्या वर्षासाठी पेटीत ठेवायचे. मागवाल्याचा त्या वेळी दर वर्षी एक हट्ट असे, एक तरी मावळा आत राहू द्यावा. बाकीच्यांना ते क्रूर वाटे. 'मग किल्ला पडला कशावरून?' असे तो विचारी. हा प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला.

वीरांच्या वाटपात बराच वेळ गेला, कारण मास्तरांना प्रत्येकाला मराठी नाव हवे होते. बार्बेरियनला रानटी आणि ड्वार्फला बुटका यावर वाद झाला नाही. विझर्डला मांत्रिक. अडले ते एल्फपाशी. मास्तर म्हणाले यक्ष. औषधवाल्याचे म्हणणे, यक्ष हे कुबेराचे सेवक, त्यांच्याजवळ संपत्ती असते, हा तर कफल्लक दिसतो. शेवटी 'वनयक्ष' अशी तडजोड झाली. सर्वांत मवाळ म्हणून औषधवाल्याला रानटी केले, मास्तर वनयक्ष झाले, बुटका आमच्या वाट्याला आला. मांत्रिक मागवाल्याने मागून घेतला. मंत्र सर्वांत जास्त त्याच्याकडे, पण देहबळ अवघे चार. रानट्याचे आठ, बुटक्याचे सात. परदेशीने त्याला सांगून पाहिले, की पहिल्या खेपेला हा घेऊ नकोस, हा लवकर मरतो. "बघू की," मागवाला म्हणाला.

राहिला पडद्याआडचा खलनायक. खोक्यावर त्याचे नाव झारगॉन. नियम एकट्या परदेशीला येत होते तेव्हा ती जागा ओघाने त्याचीच. तो पडदा उभा करून, वही मांडीवर घेऊन बसला, आणि त्याच्याकडे पाहून मागवाला सहज म्हणाला, "हा तर सावकार झाला बे. वही त्याच्याकडं, हिशेब त्याच्याकडं, आपल्याला काय दिसत नाही." सगळे हसले. परदेशीही हसला, पण जरा उशिरा.

त्या हसण्यामागे जे होते ते सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. मागांच्या शेवटच्या वर्षांत मागवाल्याने परदेशीकडून पैसे घेतले होते. सुताचा भाव एकीकडे, आणि दुसरीकडे पानिपतहून 'सोलापुरी' म्हणून येणाऱ्या स्वस्त चादरी. अस्सल सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असले तरी बाजारात गिऱ्हाईक हात लावून पाहते ते किमतीला. २०२०ची टाळेबंदी आली आणि आठही माग भंगारात गेले. मागवाला आता एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. दर महिन्याच्या पंधरा तारखेला तो परदेशीच्या आईकडे जाऊन पाकीट देत असे. २०२२च्या सुमारास काकूंनी ते घेणे थांबवले. "त्याने नको म्हणून सांगितलंय रे बाळा," एवढेच म्हणाल्या. परदेशीने हे मागवाल्याशी कधी बोलून केले नाही. मागवाल्यानेही विचारले नाही. आणि आम्हा उरलेल्या तिघांना हे सारे ठाऊक असून आम्ही ठाऊक नसल्यासारखे वागत आलो होतो. वागण्यात मात्र ते उतरलेच होते. कुठे जेवायला गेलो की त्याचा वाटा आम्ही परस्पर भरून टाकत होतो आणि 'तुझं झालंय' असे सांगत होतो. औषधवाला त्याला खरेदीच्या भावात औषधे देई आणि बिलावर काही लिहीत नसे. आमच्या लेखी ही मैत्री होती.

खेळ सुरू झाला. टेबलावर मागवाल्याने एक चादर अंथरली होती, शेवटच्या वर्षी कारखान्यातून निघालेली, नक्षी एका कोपऱ्यात चुकलेली म्हणून विक्रीला न गेलेली. फासे तिच्यावर आवाज न करता पडत. पहिला तासभर आम्ही जे केले त्याला शौर्य म्हणता येणार नाही. औषधवाल्याचा रानटी, ज्याने दार फोडून आत शिरायचे, तो प्रत्येक दालनात कपाटे आणि पेट्या उघडून पाहत होता. आमचा बुटका एका बोळात सापळ्यात पडला. मास्तर प्रत्येक चालीआधी सर्व शक्यतांची चर्चा करत. तरी केव्हातरी गंमत येऊ लागली. एका दालनाचे दार उघडले आणि आत तीन ऑर्क उभे राहिले तेव्हा औषधवाल्याने खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि ओरडला. रिकाम्या कारखान्यात त्याचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. मागवाल्याची मुलगी काय झाले म्हणून धावत आली.

पट मांडून खेळायचे जे खेळ आम्हाला ठाऊक होते त्यांत प्रत्येकाचे प्रत्येकाशी वैर असते. सोंगटी मारायची ती शेजाऱ्याची. इथे चौघांचे जगणे एकमेकांवर टांगलेले. पाणी, अग्नी, वायू, पृथ्वी असे मंत्रांचे चार गट. त्यांतला पृथ्वीचा गट मास्तरांच्या वनयक्षाकडे गेला, उरलेले तीन मांत्रिकाकडे. जखम भरून काढणारे मंत्र दोनच, एक पाण्याचा, एक पृथ्वीचा. मास्तरांनी आपला औषधवाल्यावर खर्च केला. मागवाल्याने आपल्याकडचा पाण्याचा मंत्र स्वतःसाठी न ठेवता आमच्या बुटक्याला दिला. 'तू पुढं हो, मी मागून आग टाकतो' म्हणाला. आम्ही पुढे झालो. अशा वेळी माणूस खेळात किती शिरलेला असतो ते बाहेरून पाहणाऱ्याला कळणार नाही. आम्हाला त्या मंत्राबद्दल खरोखर कृतज्ञता वाटली.

पण एक गोष्ट आमच्या ध्यानात येत होती. पडद्याआडून फासे पडत आणि परदेशी आकडा सांगे. फासे उघड्यावर टाकायला काही आडकाठी नव्हती. तो पडद्याआड बसला होता, म्हणून हातही तिथेच चालत होता. आमच्यावर कवट्या दोनदोन, तीनतीन पडत. मांत्रिकावर हल्ला झाला की एक, किंवा एकही नाही. आम्ही मास्तरांकडे पाहिले. मास्तर पटाकडे पाहत होते. त्यांनाही कळले आहे, आणि आम्हाला कळले आहे हेही त्यांना कळले आहे, असे ते पाहणे होते. कुणी काही बोलले नाही.

पहिल्या मोहिमेत शेवटी तळघरात दडलेले गार्गॉइल मारायचे असते. पंख असलेला दगडी राक्षस, मारताना चार फासे टाकतो. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि वीज गेलेली होती. मांत्रिकाचे देहबळ दोन उरले होते. गार्गॉइल त्याच्यावर वळले. पडद्याआड फासे पडले. परदेशी म्हणाला, "एकच कवटी."

आणि वीज आली. डोक्यावरचा पंखा, जो मागांच्या वेळेपासून तिथे आहे आणि ज्याला कसा तो वेग ठाऊक नाही, एकदम गरगरला आणि पुठ्ठ्याचा पडदा पटावर आडवा झाला. पडद्यामागे चादरीवर चार फासे होते. तीन कवट्या, एक ढाल.

परदेशीने फासे उचलण्यासाठी हात पुढे केला. मग मागे घेतला.

"पहिलाच डाव आहे बे," तो म्हणाला. "इथवर येऊन मेलास तर मजा काय राहिली?"

"मी मोजत होतो," मागवाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ऑर्कचे तीन-तीन फासे माझ्यावर पाचदा पडले. पाचही वेळा एक किंवा शून्य."

पुढे आम्ही घरी बसून हा हिशेब करून पाहिला. फाशाच्या सहापैकी तीन बाजूंवर कवटी, म्हणजे एका फाशावर कवटी पडण्याची शक्यता निम्मी. तीन फाशांवर दोन किंवा अधिक कवट्या पडण्याची शक्यताही बरोबर निम्मीच निघते. पाचही वेळा त्या न पडणे म्हणजे नाण्याने पाचही वेळा एकच बाजू दाखवणे: बत्तिसात एकदा. अशक्य नव्हे, पण ज्याने जेकार्डच्या पुठ्ठ्यांवरची भोके मोजून नक्षी ओळखण्यात जन्म घालवला त्याला संशय यायला पुरेसे.

औषधवाल्याने सारवासारव केली. "अरे, खेळच आहे."

"खेळच आहे ना? मग खेळू द्या की. मी काय कच्चं लिंबू आहे का बे?"

वाचकांपैकी जे गल्लीत वाढले त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. लपंडाव असो, लगोरी असो, कुणाचे तरी शेंडेफळ भावंड मागे लागलेले असे. त्याला नाही म्हणता येत नसे आणि खेळवताही येत नसे. मग त्याला कच्चे लिंबू करायचे. त्याने पळावे, लपावे, ओरडावे. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्या पोराला वाटते आपण खेळतो आहोत. ते आपल्याला खेळवत आहेत हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी ते रडत घरी जाते. या व्यवस्थेत कुणाचाही दुष्टावा नसतो, हे लक्षात घ्यावे. ती मायेनेच केलेली असते. आणि तरीही पन्नाशीच्या माणसाच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा टेबलाभोवती कुणाची मान वर राहिली नाही.

मध्यस्थाने फाशांचे ऐकावे की स्वतःच्या विवेकाचे, हा प्रश्न या जातीच्या खेळांत फार जुना आहे, हे आम्हाला नंतर वाचताना कळले. प्रशियात राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली राजाला युद्धाचा एक खेळ सादर केला. त्याच्या तोफखान्यातल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम पक्के केले. दोन्ही पक्ष आपले हुकूम मध्यस्थाकडे देत. शत्रू कुठे आहे हे मध्यस्थालाच ठाऊक. किती माणसे पडली ते फासे ठरवत. पुढे नियमांचे जंजाळ वाढले, आणि १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचवले की फासे आणि तक्ते दूर ठेवा, अनुभवी मध्यस्थ सांगेल ते प्रमाण माना. तिथून शंभरेक वर्षांनी, १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, ज्याच्या पोटी हीरोक्वेस्टसारखे खेळ जन्मले. त्यातल्या सूत्रधारासाठी गायगॅक्सने १९७९ साली जो ग्रंथ लिहिला त्यात, प्रसंगी फाशांचा कौल बाजूला सारण्याची मुभा सूत्रधाराला दिलेली आहे. म्हणजे परदेशीने जे केले त्याला शास्त्राधार होता. एवढेच की प्रशियातल्या मध्यस्थाला निवाड्याचा अधिकार सर्वांच्या देखत मिळालेला होता. आमच्या मध्यस्थाने तो स्वतःच घेतला होता, आणि एकाच खेळाडूपुरता वापरला होता.

आपल्याकडे फाशांतल्या लबाडीचा विचार शकुनीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. लुबाडण्यासाठी केलेली लबाडी आपल्याला ओळखता येते. वाचवण्यासाठी केलेलीला आपल्याजवळ नाव नाही. त्या शांततेत मास्तरांनी मात्र नलाची आठवण काढली. (मास्तरांचे हे असे. घर जळत असले तरी ते आधी अग्नीचे संदर्भ देतील.) नल पुष्कराकडून राज्य हरतो, वनवास भोगतो, ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून परत येतो, आणि पुष्कराशी पुन्हा डाव मांडून सर्व काही जिंकतो. मग तो पुष्कराला जीवदान देतो आणि त्याचा वाटा त्याला परत करतो. "पण आधी जिंकतो," मास्तर म्हणाले. "डाव पुरा होऊ देतो. जे द्यायचं ते डाव संपल्यावर, समोरासमोर देतो." परदेशी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं तुला बरं वाटेल."

"वाटलं की. पहिले दोनदा वाटलं," मागवाला म्हणाला. "मग मोजायला लागलो."

पैशांचा उल्लेख कुणीही केला नाही. आम्ही पाचही जण त्याविषयीच बोलत होतो.

शेवटी मागवाल्यानेच पडदा उचलला, घडी केली आणि खोक्यात ठेवून दिला. "तीन कवट्या," म्हणाला. "आता मी झेलतो." त्याने आपले दोन फासे चादरीवर टाकले. एक पांढरी ढाल, एक कवटी. तिहींतली एक वाचली, दोन लागल्या. देहबळ शून्य. उपचाराचे दोन्ही मंत्र संपलेले होते. एक तर आमच्याच बुटक्यावर. मागवाल्याने मांत्रिकाचा पुतळा हलकेच आडवा केला. नियम असा की वीर मेला आणि त्याच दालनात दुसरा वीर असला तर मेलेल्याचे धन त्याला उचलता येते. "माझं सोनं मास्तरला द्या," तो म्हणाला, "हा उगाच पेट्या उघडत बसेल." हा म्हणजे औषधवाला. आणि तो आत जाऊन चहा टाकून आला.

आम्हाला वाटले होते आता खेळात राम उरणार नाही. झाले उलटेच. उघड्यावर पडणाऱ्या फाशांना एक वेगळी धार आली. गार्गॉइलने आमच्या बुटक्याचे तीन देहबळ एका फटक्यात उतरवले तेव्हा परदेशीचा चेहरा पडला नाही. त्याने टाळी दिली. मेलेला मांत्रिक चहाचा पेला घेऊन आमच्या खुर्चीमागे उभा राहून सल्ले देत होता, आणि ते सल्ले चांगले होते. दोन फेऱ्यांनंतर औषधवाल्याच्या रानट्याने गार्गॉइल पाडले. तो आनंदाने नाचला नाही; आधी फासे पुन्हा एकदा मोजून पाहिले.

चहा पिऊन निघताना हिशेबाची वेळ आली. दुपारी मागवलेल्या खाण्याचे पैसे औषधवाल्याने दिले होते. नेहमीप्रमाणे आम्ही तोंड उघडले आणि मिटले. माणशी एकशे चाळीस झाले होते. मागवाल्याने दीडशे दिले आणि दहा परत मागितले. औषधवाल्याने खिसे चाचपून दहाची नोट काढून दिली.

परदेशी दाराशी चपला घालत होता. मागवाला त्याला म्हणाला, "पंधरा तारीख काल होऊन गेली. यात्रेत जमलं नाही. उद्या सकाळी काकूंकडं येतो."

परदेशी वाकलेलाच होता. त्याने पट्टा लावला, मग दुसरा लावला. "दहाच्या आत ये," म्हणाला. "नंतर ती देवळात जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. या खेपेला वही मागवाल्याने घेतली. पडदा खोक्यातच राहिला. वही त्याने मांडीवर उघडी ठेवली आणि आमच्यापैकी कुणी त्या बाजूला पाहिले नाही. परदेशीने मांत्रिक घेतला. सावकार म्हणून मागवाला अत्यंत निर्दय निघाला. दार उघडून बावळटासारखे उंबऱ्यात थांबू नये हे आम्ही आदल्या दिवशी शिकलो होतो, तरी थांबलो. आमच्या बुटक्याचे दोन देहबळ शिल्लक असताना त्याने ऑर्क पुढे सरकवला, तीन फासे मुठीत खुळखुळवले आणि चादरीच्या मधोमध टाकले.

"तीन," तो म्हणाला. "मोजून घे बे."

आम्ही मोजल्या. तीनच होत्या. मग आपले दोन फासे उचलले आणि टाकले.